विरजणाची पोचपावती

आधीच सांगून ठेवते, दह्याच्या बाबतीत माह्याशी कोणी वाद घालायचा नाही. कळंबात आमच्या गल्लीत ज्याच्या ज्याच्या घरी दही लागते, ते माह्याच विरजणानं लागते. एक घर सोडून. त्या घराचं नाव मागाहून काढीन, आताच तोंड कायले कडू करू?

हे विरजण माह्या आईचं. रुखमाबाई तिचं नाव, मुकुटबनची. माह्यं लग्न झालं तवा कोणी साड्या दिल्या, कोणी भांडी दिली, आईनं चिनीमातीच्या बरणीत दही दिलं. मुकुटबनपासून कळंबपर्यंत एसटीत ती बरणी मी मांडीवर घेऊन बसली. नवरदेव, म्हणजे आमचे श्रीकृष्णराव, बाजूले उभे. मी यायले म्हटलं, "जरा सरकून उभे राहा, बरणीले हवा लागू द्या." घरात आपला नंबर कितवा, हे यायले त्याच दिवशी समजलं.

शेवटची काही वर्षं आई माह्याजवळच होती. मंग गेली. तिची लुगडी विरून गेली. फोटो आहे, पण फोटोवाला समोर आला का ती श्वास रोखून धरे, म्हणून त्यात ती आई वाटतच नाही, कोणी चिडलेला फौजदार वाटते. उरलं ते दही. ते मातर रोज नवं लागे अन् रोज तिच्याच चवीचं लागे. मी कोणाले सांगत नाही, पण सकाळी दह्याच्या गंजावरचं, पातेल्यावरचं, झाकण काढलं का माह्या तोंडून 'आई' निघेच.

अन् मी पोस्टातून रिटायर झालेली बाई. रजिस्टर पत्र गेलं का पोचपावती आलीच पाह्यजे, हे अंगात मुरलेलं. घरीही तोच नेम लावला. माह्या वाट्यांवर माह्यं नाव कोरलेलं आहे. वाटीभर विरजण न्या बाप्पा, बिनधास्त न्या. पण त्याचं पहिलं दही लागलं का त्याच वाटीत दोन चमचे दही घालून वाटी परत आली पाह्यजे. मी ते चाखणार, पास का नापास ते तोंडावर सांगणार, अन् उरलेलं माह्या गंजात ओतणार. लेक माहेरी आली पाह्यजे, असं मी म्हणे. गल्लीतल्या बाया मले भेत होत्या, म्हणून पोचपावती द्यायच्या.

एकच बाई अशी निघाली का जिनं दिली नाही. हजराबी. आता घेतलंच नाव तं सांगून टाकते. भिंतीले भिंत लागून घर तिचं. तिचे मालक मोहिउद्दीनभाई, चौकात त्याईचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, अन् आमच्या यायचे ते जिगरी दोस्त. आई होती तवा ती दुपारभर हजराबीच्या ओट्यावर बसून राहे. हजराबी तिले अम्मा म्हणे, अन् आई तिच्या हातची कढी भुरके. माह्या कढीले म्हणे, "बरी आहे." असो.

तं आई गेल्यावर काही महिन्यांनी हजराबी विरजण घेऊन गेली, अन् वाटी परत आली ती रव्याच्या हलव्यानं भरून. मी म्हटलं, "भाभी, हलवा ठीक आहे, पोचपावती कुठी आहे?"

म्हणे, "खा लिया शोभाबाई. अच्छा था. दही ओतायले नसते, खायले असते. अन् मी तं बोरी अरबच्या आमच्या अम्मीच्या दह्यात मिळवून लावलं, अजून अच्छा झालं."

मिळवून! माह्या आईचं दही मिळवून लावलं! माह्या डोक्यात अशी तिडीक गेली का हलव्याची वाटी तशीच परत पाठवली. तवापासून चार वर्षं आमचं बोलणं बंद. वाटी माह्या नावाची, अन् राहते तिच्या फडताळात. काही सांगायचंच झालं तं मी यायले मोठ्यानं म्हणे, "तुमच्या दोस्ताच्या घरच्याइले सांगा, त्याईची बकरी आमची तुळस खाऊन राह्यली." तिकडून भिंतीवरून आवाज ये, "अजी, तुमच्या दोस्ताच्या घरच्याइले सांगा, बकरीले बी तुळशीची चव समजते." हे दोघं माणसं त्या वेळी चौकात चहा पीत राहत.

आता खरं संकट ऐका. या फागुनात एका सकाळी मी झाकण काढलं, तं गंजात दूधच. रात्री लावलं तसंच्या तसं. दही लागलंच नाही.

थंडी पडली असन म्हणून दुसऱ्या दिवशी गंज यायच्या शालीत गुंडाळून ठेवला. हे रातभर कुडकुडले, दही काही लागलं नाही. मिरचीचे देठ घातले. चांदीचा शिक्का घातला. हे गंजाजवळून खोकत गेलते, म्हणून यायले स्वयंपाकघरात यायची बंदी घातली. मंग भीमसिंगले धरलं, आमचा दूधवाला. म्हटलं, "भीमसिंग, दुधात काय घालून राह्यला तू?" त्याले असा राग आला का तो घरी गेला अन् म्हशीले दोरी लावून आमच्या दारात आणून उभी केली. म्हणे, "माय, हिच्या तोंडाकडं पाहून सांगा, हे बेइमान आहे का?" म्हैस माह्याकडं पाहत राह्यली. मलेच लाज वाटली. तिले दोन पोळ्या दिल्या अन् परत पाठवली.

तवालोक सगळी गल्ली वाट्या घेऊन माह्या दारात. "शोभाताई, आमचं दही लागत नाही, ताजं विरजण द्या." अवं माय, देऊ कुठून? गल्लीत एकाही घरी कढी नाही, ताक नाही. बाजारातलं पाकिटातलं दही आणून मी एकदा चाखलं, अन् गंजासमोर बसून रडली. खोटं कायले सांगू? दही काय, बाजारातही मिळते, पण आई कुठून मिळणार होती? हे दारातून म्हणे, "मी आत येऊ का?" म्हटलं, "नका येऊ. खोकसान."

मंग माह्या ध्यानात आली केतकी. केतकी माह्या भावाची पोरगी, माह्याकडंच राहते अन् रोज एसटीनं यवतमाळले जाते. तिथं कॉलेजात तिचं संशोधन चालू आहे. कायचं? व्हायरसचं! घरात व्हायरसवाली पोट्टी अन् मी म्हशीची चौकशी करून राह्यली! संध्याकाळी ती दारात चप्पल काढत होती, मी उंबऱ्यातच धरलं. "तुह्याच अंगावरून आलं ते, तुह्यं ते व्हायरस, फेज का बीज."

"आत्या, फेज माणसाले काही करत नाही, तो फक्त जिवाणूले धरते. अन् मी प्रयोगशाळेतलं काही घरी आणत नाही, हात धुऊन निघते."

"मंग दही काहून मेलं?"

ती म्हणे, "मेलं? थांब, पाहू दे." अन् त्या फसलेल्या दुधाचं पाणी शिशीत भरून घेऊन गेली.

दोन दिवसांनी आली ते तोंड बारीक करून. फोनवर फोटो दाखवला. काचेच्या बशीत दह्याचे जिवाणू वाढवलेले, दुधाळ थर, अन् त्यात गोल गोल मोकळी भोकं. "आत्या, जिथं तुह्या दुधाचं पाणी टाकलं तिथं जिवाणू मेले. फेजच आहे. दह्याचा फेज. त्याले डोकं असते अन् शेपटी. शेपटीनं जिवाणूले चिकटते, आपला जीन, म्हणजे जनुक, आत सोडते, अन् जिवाणूच्या घरात बसून त्याच्याकडूनच आपली पिलं बनवून घेते. पिलं झाली का घर फुटते."

मी म्हटलं, "म्हणजे तुह्या काकूचा भाऊ. तोही असाच येऊन बसते अन् घर खाऊन जाते."

"तसंच समज. तो कोणाच्या तरी घरच्या दह्यात होता. तिथून तुह्या गंजात आला, अन् तुह्या गंजातून विरजणासंग सगळ्या गल्लीत गेला."

"माह्या गंजात कसा येईन? मी कोणाचं विरजण घेत नाही!"

केतकीनं यायच्याकडं पाह्यलं. हे दारात उभे होते. मंग हे हळूच म्हणे, "पोचपावतीनं."

मी यायच्याकडं अशी पाह्यली का हे चप्पल न घालताच चौकात गेले.

रातभर डोळ्याले डोळा लागला नाही. माह्याच नेमानं माह्याच आईचं दही मारलं. वाटीवाटीनं मीच बोलावून घेतलं त्याले, चाखून, पास करून. सकाळी केतकीनं माह्या डोळ्याकडं पाह्यलं अन् म्हणे, "आत्या, तुले एक सांगायचं आहे, मारू नको. मी बीएस्सीले होती तवा तुह्या गंजातलं चमचाभर दही चोरलतं. प्रॅक्टिस करायले. त्यातले जिवाणू अजून कॉलेजच्या फ्रीजरमध्ये आहेत. उणे ऐंशीत."

"माह्या आईले उणे ऐंशीत ठेवलं?" मी ओरडली. "मुकुटबनची बाई ते! तिले दिवाळीतच दोन गोधड्या लागत!" अन् ओरडता ओरडता मी त्या पोट्टीच्या गळ्यात पडली. चोरटी कुठची. देव तिचं भलं करो.

तिनं ते आणलं. दही लागलं! मी गंजापुढं हात जोडले, गल्लीत कोणाले सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी परत दूधच्या दूध. केतकीनं कपाळावर हात मारला. "फेज आता तुह्या घरात आहे आत्या. ओट्यावर, फडक्यात, धुळीत. किती धुशीन? अन् या जिवाणूजवळ त्याले बाहेर ठेवायचं कुलूपच नाही."

तितक्यात भिंतीपलीकडून फोडणीचा वास आला. कढीचा. मेथीदाणा, कढीपत्ता, सगळं. सगळी गल्ली कोरडी, अन् हजराबीच्या घरी कढी!

केतकी कुत्र्यासारखी वास घेत भिंतीपाशी गेली. "आत्या, तिचं दही मेलं नाही. भिंतीले भिंत लागून आहे तरी मेलं नाही. तिच्या जिवाणूजवळ कुलूप असन. कुलपाचा जीन. मले तिचं चमचाभर दही पाह्यजे."

"मंग माग."

"मी मागितलं तं ती देईनच. पण ती विचारन, शोभाबाईले तोंड नाही का. मी काय सांगू?"

पोट्टी लय शहाणी आहे. माह्या भावावर गेली नाही.

मंग तिनं मले पुढचं समजावून सांगितलं, अन् ते मातर मले एका झटक्यात समजलं. फेज आपला जीन पिलाइच्या डोक्यात भरते तवा कधी कधी गफलत होते. आपल्या जीनच्या ऐवजी, ज्याच्या घरी बसला त्याचाच जीन पॅक होऊन जाते. ते पिलू दुसऱ्या जिवाणूले जाऊन चिकटते अन् चुकीचं पार्सल तिथं सोडून देते. तो जिवाणू मरत नाही, उलट त्याले फुकटात नवी वस्तू मिळते. लोक याचाच उपयोग करून एकाचा गुण दुसऱ्याले देतात. केतकी हेच करणार होती. हजराबीच्या दह्यावर दुसऱ्या जातीचा फेज सोडायचा, ज्याच्यावर ते कुलूप चालत नाही. त्याच्या पिलाइत एखादं कुलपाचं पार्सल भरलं जाईनच. ती पिलं आईच्या जिवाणूवर सोडायची. अन् मंग त्याइच्यावर आपला मारेकरी फेज सोडायचा. जे वाचतीन, त्याइले पार्सल पोचलं.

"म्हणजे फेज पोस्टमन," मी म्हटलं.

"अन् चुकीच्या पत्त्याचं पार्सल, तेच आपल्या कामाचं," केतकी म्हणे.

असं पोस्ट मी जन्मात पाह्यलं नाही. पण एवढं सगळं अडलं होतं हजराबीच्या दारात.

दुपारी मी पदर नीट केला, केस नीट केले, वाटी घेतली, परत ठेवली, परत घेतली. हे म्हणे, "मी मोहिउद्दीनले सांगू का?" म्हटलं, "चूप बसा." अन् गेली.

हजराबी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. मी उभी. बकरी माह्याकडं पाहत होती. शेवटी मी बकरीलेच म्हटलं, "सांग तुह्या मालकिणीले, चमचाभर दही पाह्यजे."

हजराबी बकरीले म्हणे, "पूछ, कायले पाह्यजे. बाजारात मिळते."

आता मातर बकरीबिकरी सोडून मी सरळ तिलेच म्हटलं, "भाभी, आईचं दही मेलं. माह्याच हातानं मेलं. तुमच्या दह्यात कायतरी आहे ज्याच्यानं ते जगन, असं केतकी म्हणते."

तिनं सूप बाजूले ठेवलं. आत गेली. बराच वेळ आली नाही, मले वाटलं मागच्या दारानं गेली. आली ते वाटीत काठोकाठ दही घेऊन. वाटी तिची, माह्या नावाची नाही, हे मी लगेच पाह्यलं. माह्या हातात देता देता म्हणे, "एक शर्त आहे, शोभाबाई. पोचपावती पाह्यजे मले."

अन् हसली का नाही कोणाले माहीत, तिनं पदर तोंडावर धरला होता.

पुढं कितीतरी दिवस केतकी यवतमाळले जात होती अन् मी दारात तिची वाट पाहत होती. एकदा आली, म्हणे नाही जमलं. परत एकदा, म्हणे पार्सल पोचलं पण जिवाणू अशक्त निघाले. मी म्हटलं, "त्याइले शिरा खाऊ घाल." मंग एके दिवशी बस स्टँडवरूनच तिचा फोन, "आत्या, वाचले! मारेकरी फेज सोडला तरी वाचले!" तरी तिच्या मॅडमनं लगेच आणू दिलं नाही. दह्याचाच गुण दह्याले दिला, बाहेरचं काही नाही, तरी सगळ्या तपासण्या झाल्याशिवाय खायचं नाही, म्हणे. मी मॅडमले मनातल्या मनात लय बोलली. पण बरोबर होतं बाईचं.

आलं शेवटी. ऊन तापलं होतं तवालोक. मी त्याच घरात, त्याच ओट्यावर, त्याच गंजात विरजण लावलं. यायले मुद्दाम बोलावलं अन् म्हटलं, "खोका." हे बिचारे पोटभर खोकले.

सकाळी झाकण काढलं. दही! सुरीनं कापावं असं. तिसऱ्या दिवशीही लागलं, आठव्या दिवशीही लागलं. पण मी झाकण काढून 'आई' म्हटलं नाही. तोंडातून निघेच ना. चाखलं, अन् समजेच ना. तेच आहे का? का आता हे काहीतरी दुसरंच, आईसारखं? यायले चाखवलं तं हे म्हणे, "एकदम तसंच." पण यायले बाजारातलं दिलं तरी हे तसंच म्हणत, भेतात ना मले. केतकीनं तं ते स्वतःच बनवलं, ती चांगलंच म्हणन. मंग कोणाले विचारू? आईच्या दह्याची चव जिभेवर असलेली, अन् माह्या तोंडावर खरं बोलायची हिंमत असलेली, अशी कळंबात एकच बाई होती.

वाटीत दही घातलं अन् पोचपावती घेऊन गेली.

हजराबीनं बोटानं चाखलं. परत चाखलं. डोळे मिटले. मी म्हटलं, "भाभी, खरं सांगा. खराब असन तं खराब सांगा."

ती म्हणे, "शोभाबाई, अम्मा उन्हाळ्यात इथं बसत, माह्या वाटीत दही घालत, अन् म्हणत, 'खाय वं, शोभीले सांगू नको, ते पावती मागन.'" अन् तिच्या डोळ्यात पाणी आलं. "अम्माचंच आहे हे. तेच."

मी तिथंच ओट्यावर बसली, आई बसे तिथं. आई माह्या पाठीमागं बिनापावतीचं दही वाटत होती! अन् मी वाट्या मोजत होती! मले रडू आलं अन् हसूही आलं, दोन्ही एकदाच, अन् बकरीनं तेवढ्यात माह्या पदराचं टोक खाल्लं.

गल्लीत आता नवं विरजण गेलं आहे. आईचंच, अन् त्याच्या पोटात कुलूप बोरी अरबचं. पोचपावतीचा नेम मी रद्द केला. बायाइले आधी खरंच वाटलं नाही. एक दोघी तरी भेऊन वाटीत दही घेऊन आल्या, त्याइले मी दारातूनच हाकललं.

काल संध्याकाळी हे चौकातून आले तं हातात वाटी. स्टीलची, घासून चकचकीत, वर माह्यं नाव कोरलेलं. चार वर्षांनी आली होती घरी. आत रव्याचा हलवा, काठोकाठ, वर चारोळ्या. हे म्हणे, "मोहिउद्दीन म्हणे, भाभीले सांगा, परत पाठवायचा नाही."

मी उभ्या उभ्या सगळा खाल्ला, यायले एक चमचाही दिला नाही. मंग मागच्या अंगणात गेली, भिंतीपाशी उभी राह्यली, अन् गल्लीले ऐकू जाईन एवढ्या मोठ्यानं ओरडली, "भाभी, पोचलं!"